चौकोनी घड्याळ

पिंपरीतले आमचे घर विकायला काढले, तेव्हा ते लोकांना दाखवण्याजोगे करण्याचे काम माझ्याकडे आले. तसे घरात दुसरे कोणी नव्हतेच. आईला जाऊन बारा वर्षे झाली होती, मी लग्न केले नाही, आणि माझ्या वडिलांनी, ज्यांना मी आप्पा म्हणते, ऐंशी ओलांडली होती. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी करून मी नुकतीच निवृत्त झाले होते. वस्तू जागच्या जागी ठेवणे आणि कोणी काही विचारले तर हळू आवाजात उत्तर देणे, एवढे मला चांगले येत होते. घर विकण्यासाठी याहून अधिक काही लागते याची मला कल्पना नव्हती. लागत नसेलही. मी मात्र अधिक काही करून बसले, आणि ते आजवर कोणाला सांगितलेले नाही. इतरांची पुस्तके सांभाळण्यात आयुष्य गेले. स्वतः लिहायला बसण्याची ही पहिलीच वेळ, म्हणून वाक्ये जपून टाकते आहे.

आमची इमारत भोसरीच्या एका कारखान्यातल्या कामगारांनी मिळून बांधलेली. चार मजले, आणि लिफ्ट नाही. बांधली तेव्हा सगळे चाळिशी-पंचेचाळिशीत होते. आपले गुडघे कधी दुखतील हे कोणाच्या मनातही आले नसावे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. आप्पा त्या कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर होते, आणि केसाइतका फरक डोळ्यांनी पकडणारा माणूस अशी त्यांची ख्याती होती. घरातही तसेच. कपाटाचे दार किंचित कलले तरी त्यांना जेवण जात नसे.

निवृत्तीनंतर त्यांचा एक क्रम होता. रोज सकाळी खाली उतरायचे, नाक्यावर जुन्या जोडीदारांबरोबर चहा घ्यायचा. रविवारी मागच्या गल्लीतल्या विहारात वंदनेला जायचे. गुडघे गेले आणि हा क्रम तुटला. त्या वर्षी उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत ते दोनदाच खाली उतरले, दोन्ही वेळा दवाखान्यासाठी, दोन्ही वेळा कोणाच्या तरी खांद्याला धरून. एकदा गॅलरीत बसल्या बसल्या ते म्हणाले,

"चौघांनी उचलून खाली न्यायच्या आधी मला माझ्या पायांनी खाली जायचंय गं. एकदा नाही. रोज."

त्यानंतर विचार करण्यासारखे काही उरले नाही. मोशीला एका इमारतीत पाचव्या मजल्यावर, लिफ्ट असलेले एक घर आम्ही पाहिले. त्या घराचे मालक दिवाळीपर्यंत थांबायला तयार होते. म्हणजे आमचे घर दिवाळीच्या आत विकले जायला हवे होते.

एजंट तिशीतला, बोलका, हेल्मेट काखेत मारून तीन मजले धावत चढून येणारा माणूस होता. घरभर फिरून झाल्यावर तो म्हणाला,

"मॅडम, गिऱ्हाईक घर बघायला येतच नाही. ते स्वतःला बघायला येतं. माझा टीव्ही कुठं लागेल, माझं पोरगं कुठं अभ्यासाला बसेल. आता तुम्ही जेवढ्या दिसाल ना घरात, तेवढा तो कमी दिसणार."

"रंग काढून घेऊ का?" मी विचारले.

"अजिबात नको. विकायच्या तोंडावर ताजा रंग दिसला की लोक ओल शोधायला लागतात. भिंती नुसत्या पुसून घ्या."

मग त्याने एकेका वस्तूकडे बोट दाखवले आणि मी कागदावर टिपून घेतले: औषधांचे डबे, फ्रिजवरची पातेली, तीन खोल्यांतली तीन कॅलेंडरे, आईचे शिलाई मशीन, गॅलरीतल्या दोऱ्या. बाथरूममध्ये आप्पांसाठी बसवलेला दांडा काढायचा. दिवे सगळे मोठे लावायचे. आणि घरात बामचा वास येतो, म्हणून गिऱ्हाईक यायच्या आधी गॅसवर पाण्यात चार वेलदोडे उकळत ठेवायचे.

"आणि एक सांगू का, राग मानू नका. काका."

"काका काय?" दिवाणावर पाय लांब करून बसलेल्या आप्पांनी विचारले.

"काका, तुम्ही काठी घेऊन दारात उभे राहिलात की गिऱ्हाईकाला पहिलं काय आठवतं? की इथं लिफ्ट नाही."

आप्पा मोठ्याने हसले. "खरंय राव. मी म्हणजे ह्या बिल्डिंगीतला सगळ्यात जुना बिघाड. जातो की मी. एक मजला उतरून जिन्यात खुर्ची टाकून बसेन. आमचा जोडीदार राहतो तिथं, त्याच्याशी गप्पा मारीन."

इथपर्यंत सगळे ठीक होते. एजंटने हेल्मेट उचलले. तो निघालाच होता, आणि मी विचारले,

"आणि हे?"

दिवाणासमोरच्या भिंतीवर साहेबांची तसबीर होती. निळा कोट, छातीशी धरलेले पुस्तक. खाली लाकडी फळी, फळीवर बुद्धांची पांढरी मूर्ती आणि मेणबत्तीची वाटी. या घरात राहायला आलो त्या दिवशी भांडीकुंडी यायच्या आधी आप्पांनी ही तसबीर आणली होती. तिच्यासाठी टूलरूममधल्या टाकाऊ पट्टीचे दोन कोन त्यांनी स्वतः तासून केले होते. पाणसळ लावून, तिच्यातला बुडबुडा बरोबर मधोमध आल्यावरच स्क्रू पिळले होते. पस्तीस वर्षांत ती एका बाजूला झुकलेली मी कधी पाहिली नाही.

एजंटने तसबिरीकडे पाहिले, मग माझ्याकडे. त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"ते तुमचं तुम्ही ठरवा, मॅडम. मी काय सांगणार. घर तुमचं आहे."

"काढते," मी म्हणाले.

त्याने सांगितले नव्हते, हे मला मुद्दाम लिहून ठेवायचे आहे. पुढे पुष्कळ दिवस मी मनाशी असे मांडत राहिले, की एजंटने सुचवले आणि मी ऐकले. तसे घडले नाही. प्रश्न माझा होता आणि उत्तरही माझेच.

ही सवय मला फार जुनी. माझे आडनाव गावाच्या नावावरून पडलेले आहे. त्यावरून कोणाला काही कळत नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका सहकारी बाईंनी डबा खाताना विचारले, "तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा?" मी म्हणाले, "आमच्याकडे बसवत नाहीत." "मग काकांकडे बसतो का?" त्या सहज म्हणाल्या, आणि मी हसले. हसणे म्हणजे होकार असे त्यांनी धरले, आणि मी त्यांना धरू दिले. पुढे दरवर्षी त्या मला विसर्जनाच्या दिवशी लवकर घरी सोडत, आणि मी दरवर्षी लवकर घरी जात असे. त्या बाई मनाने चांगल्या होत्या. मी खरे सांगितले असते तर त्यांनी बहुधा डब्यातली भाजी आणखी पुढे सरकवली असती. पण मी तसे करून पाहिले नाही. आप्पांनी असले काही आयुष्यात कधी केले नाही. कारखान्याच्या दारात, बसथांब्यावर, कुठेही ओळखीचा माणूस दिसला की त्यांचा जय भीम रस्त्यापलीकडे ऐकू जात असे. शाळेत असताना मी त्यांच्याबरोबर चालायचे ते दोन पावले मागे राहून. तेही आता सांगितलेले बरे.

दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पा आत झोपलेले असताना मी तसबीर उतरवली. आई वंदनेला जाताना जी पांढरी साडी नेसत असे, तिच्यात ती आणि मूर्ती अशा दोन्ही गुंडाळल्या. ठेवायच्या कुठे, हा प्रश्न होता. माळ्यावर माझा हात पोचत नव्हता. कपाटे गिऱ्हाईके उघडून पाहतात, असे एजंट म्हणाला होता. कोणी उघडणार नाही अशी एकच जागा घरात होती: बैठकीतल्या दिवाणाच्या आतला कप्पा. फळी उचलली, जुन्या गोधड्यांवर ते बोचके ठेवले, फळी लावली, वर गादी आणि नवी चादर. त्या दिवाणावर लोक बसणार आहेत, हे त्या वेळी माझ्या डोक्यात आले नाही असे मला म्हणावेसे वाटते. खरे म्हणजे आले होते. तेवढ्यापुरतेच आहे, असे मी स्वतःला सांगितले.

भिंतीवर मात्र तसबिरीएवढा पांढरा चौकोन उमटला होता. बाकीची भिंत पस्तीस वर्षांत पिवळी पडली होती, आणि कितीही पुसले तरी तो फरक जाईना. शेवटी स्वयंपाकघरातले घड्याळ आणून मी तिथे अडकवले. घड्याळ गोल होते. चौकोनाचे चारही कोपरे बाहेर राहिले.

आप्पा उठून बाहेर आले आणि दारातच थांबले.

"काढलीस होय?"

"तेवढ्यापुरती, आप्पा. घर दाखवून होईपर्यंत."

"नीट ठेवलीस ना?"

"नीट ठेवलीय."

त्यांनी भिंतीकडे बराच वेळ पाहिले. "साहेब भिंतीवरून उतरले," ते म्हणाले, "आता मी जिना उतरतो." आणि हसले. मीही हसले. सुटल्यासारखे वाटले मला.

मग लोक यायला लागले. फोन आला की मी गॅसवर वेलदोडे चढवायची, आप्पांना हात देऊन एक मजला खाली नेऊन बसवायची आणि परत येऊन दिवे लावायची. कोणी नळ सोडून पाण्याचा जोर पाहिला, कोणी स्वयंपाकाचा ओटा कोणत्या दिशेला आहे यावरूनच परत गेले. एक गृहस्थ दिवाणावर रेलून बसले, चहा प्यायले, आणि निघता निघता म्हणाले, "बिल्डिंगमध्ये सगळे आपलेच लोक आहेत ना?" मी मान डोलावली. ते गेल्यावर मला वाटले, बघ, बरे झाले काढून ठेवली ते. त्यांनी घर घेतले नाहीच. पण माझी खात्री पटली होती.

दसरा झाला. दिवाळी जवळ आली, आणि मोशीच्या घरमालकांचा एकदा विचारणा करणारा फोनही येऊन गेला. तेवढ्यात एका शनिवारी फोनवर एजंटचा आवाज आनंदाने फुटत होता.

"मॅडम, ही पार्टी पक्की समजा. चाकणला कंपनीत सुपरवायझर आहे. फोटो बघूनच पसंत केलंय. फर्स्ट शिफ्ट सुटली की आईला घेऊन येतोय. म्हातारीनं हो म्हटलं की झालं."

मुलगा आणि एजंट आधी वर आले. चाळिशीचा, अंगावर कंपनीचा निळसर शर्ट, आत येताना दाराबाहेर बूट काढून ते एका रेषेत लावणारा माणूस. आप्पांना हा आवडला असता, असे मला वाटले. "आई येतेय," तो म्हणाला, "जिन्यात दम खातेय." त्या आल्या त्या बऱ्याच वेळाने, कठड्याला धरत. सत्तरी उलटलेल्या, पांढऱ्या साडीचा पदर खांद्यावरून नीट घेतलेला. मी त्यांना दिवाणावर बसवले.

"पाणी घ्या, मावशी."

"आदी दम तर घिऊ द्या. लई उच ऱ्हाता ओ तुमी." पण चेहरा हसरा होता.

मुलगा गॅलरीतून ओरडला, "आई, हवा बघ कसली येतीय इकडं!"

"येती, येती. हितं बी लागती मला." त्यांनी पाणी प्यायले, पेला खाली ठेवला आणि समोरच्या भिंतीकडे पाहिले. बघतच राहिल्या.

"ताई, घड्याळ तर गोल हाय. मागं भित चौकोनी पांडरी कशी?"

मला तयारी करायला वेळ मिळाला नाही. मिळाला असता तरी मी काय वेगळे बोलले असते?

"आधी चौकोनी घड्याळ होतं," मी म्हणाले.

त्या दिवाणाला हात टेकून उठल्या. भिंतीपाशी गेल्या. मी फळी पुसली होती, तिच्यावर कुंडी ठेवली होती. पण कडेला, लाकडाच्या रेघांमध्ये, मेण मुरलेले होते. त्यांनी ते नखाने खरवडले आणि नख माझ्यापुढे धरले.

"आन् त्या घड्याळाम्होरं मेनबत्ती लावत व्हता व्हय?"

स्वयंपाकघराच्या दारात उभा असलेला एजंट, काहीतरी विनोद झाला असे समजून, हसला. मग एकदम हातातल्या हेल्मेटकडे पाहू लागला.

मावशींनी पदराखालून गळ्यातला काळा दोरा ओढून बाहेर काढला. दोऱ्यात लहानसे पदक होते, आणि पदकात तोच निळा कोट.

"खाली जिन्यात खुर्ची टाकून बसल्यात, ते तुमचं वडील?"

"हो."

"दम खाताना ह्ये पदराभाईर आलं व्हतं. त्येंनी बगितलं आन् मला जय भीम घातला. म्या म्हनलं, चला, आपल्याच मान्साचं घर हाय. लई बरं वाटलं बगा. उरलेल्या पायऱ्या कवा चढले कळलं न्हाई." त्यांनी पदक पुन्हा आत सारले. "आन् वर यिऊन बगती, तर घड्याळ."

त्या रागावलेल्या नव्हत्या.

मुलगा गॅलरीतून आत आला होता. "आई, राहू दे ना. त्यांचं ते बघतील. घर चांगलं आहे."

"घर झाक हाय. म्या कुटं काय म्हनती? विहार गल्लीत हाय म्हनून तर आलो आपुन." त्यांनी दाराकडे वळता वळता मुलाच्या दंडाला धरले. "पर पस्तीस वर्सं ऱ्हात्यात म्हनला ना तू? पस्तीस वर्सं ऱ्हाऊन बी ह्येंना भित झाकावी लागती. आपुन तर नवं. आपल्याला काय काय झाकावं लागंल? न्हाई बाबा. पोरं हायती तुजी ल्हान."

याच क्षणी मी बोलायला हवे होते. बोलण्यासारखे माझ्यापाशी पुष्कळ होते, आणि ते सगळे खरे होते. बुद्धपौर्णिमेला आई खीर करी ती चारही मजल्यांवर जाई, आणि गणपतीत चारही मजल्यांवरून मोदक आमच्याकडे येत, हे सांगायला हवे होते. आम्ही गावाला गेलो की समोरच्या वहिनी आमच्या घराची किल्ली ठेवून घेत, आणि रोज संध्याकाळी दार उघडून त्याच फळीवर मेणबत्ती लावत. ते मेण त्यांच्या हातचेही असेल. आई गेली तेव्हा त्याच वहिनी तेरा दिवस आमच्या स्वयंपाकघरात होत्या. या जिन्यात आम्हाला कधी कोणी काही विचारले नाही. मावशी, या इमारतीने आम्हाला काही झाकायला लावलेले नाही. झाकले ते मी, माझ्या भित्रेपणाने, आणि त्याचा आळ तुम्ही या सगळ्यांवर घालू नका. एवढेच म्हणायचे होते. ग्रंथालयात मी इतकी वर्षे शब्दांच्या सोबतीत काढली, आणि त्या वेळी मला मान खाली घालून उभे राहण्यापलीकडे काही जमले नाही. ते तिघे जिना उतरू लागले.

दारात उभी राहून मी ऐकत होते. एक मजला खाली पावले थांबली. आप्पांचा आवाज आला, जरासा उत्सुक:

"काय बाई, आवडलं का घर?"

मी डोळे मिटून घेतले.

"घर लई झाक हाय, दादा," मावशी म्हणाल्या. "पर पायऱ्या लई. गुडघं न्हाई ऐकत माजं."

"माझे तरी कुठं ऐकतात! म्हणून तर विकतोय."

दोघेही हसले. मग त्यांचा जय भीम झाला, दोन्ही बाजूंनी, मोकळ्या आवाजात. जिन्यात तो घुमला. त्या बाईंनी माझी लाज माझ्या वडिलांपासून झाकली होती, आणि त्यासाठी स्वतःच्या गुडघ्यांवर दोष घेतला होता.

एजंट लगेच परत वर आला. "मॅडम, माझं काही चुकलं का?"

"नाही," मी म्हणाले. "तुमचं नाही."

आप्पांना वर आणायला त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. घरात येऊन ते गॅलरीच्या दाराशी ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले आणि गुडघे चोळू लागले.

"बाई चांगली होती. खेडकडची आहे. जिना जड जातो म्हणाली."

"हो," मी म्हणाले.

"त्याला काय इलाज. येईल दुसरं कुणी."

ते पाय चोळत होते आणि त्यांना त्या खुर्चीत पाय लांब करता येत नव्हते. मी म्हणाले, "आप्पा, दिवाणावर बसा ना. पाय वर घ्या."

"इथं बरंय."

आणि तेव्हा माझ्या लक्षात आले की बरेच दिवस ते दिवाणावर बसलेलेच नाहीत. पस्तीस वर्षांची त्यांची बसायची जागा ती. सकाळचा चहा, वर्तमानपत्र, दुपारची डुलकी, सगळे तिथे. या साडेतीन आठवड्यांत ते या खुर्चीत बसत होते, आणि दोन हातांवर असलेला माणूस कुठे बसतो हे मी पाहिले नव्हते.

"आप्पा, तुम्ही दिवाणावर का बसत नाही?"

दिवाणाकडे न पाहता ते म्हणाले,

"तुझ्या आईच्या साडीचा काठ राहिलाय बाहेर, फळीच्या फटीत. पहिल्याच दिवशी दिसला." गुडघ्यावरून हात फिरवत म्हणाले, "ज्याच्यापुढं हात जोडायचे त्याच्यावर बसवत नाही गं."

मी वाकून पाहिले. बोटभर पांढरा काठ खरोखरच बाहेर होता. केसाइतका फरक पकडणाऱ्या माणसापासून मी तो लपवला होता. आणि त्यांनी ते पाहून, गिऱ्हाईकामागून गिऱ्हाईक त्यावर बसू दिले होते. कारण घर विकले जायला हवे होते, आणि ते विकायला मी काढले होते ते त्यांच्यासाठी.

मी त्याच वेळी गादी उचलली, फळी काढली, तसबीर आणि मूर्ती बाहेर घेतली. भिंतीवरचे घड्याळ काढायला स्टुलावर चढले. आप्पा म्हणाले,

"आता राहू दे. झालं ते झालं. आता एकदम नव्या घरात लावू."

मी ऐकले. हेही ऐकायला नको होते, असे आता वाटते. तसबीर त्यांच्या खाटेच्या उशाशी उभी राहिली, साडीत गुंडाळलेली, आणि घड्याळ होते तिथेच राहिले. चाकणच्या त्या मुलाचा नंबर एजंटकडे होता. मी दोनदा मागायचे ठरवले आणि दोन्ही वेळा फोनवर घराच्या कागदांबद्दल काहीतरी विचारून ठेवून दिला.

घर गेले ते दिवाळीच्या पाच दिवस आधी, वाकडला भाड्याने राहणाऱ्या एका तरुण जोडप्याला. दोघे संगणकातले. ते आले तेव्हा वेलदोडे उकळत ठेवायचे मी विसरले होते, आप्पा घरातच होते, काठीसकट, आणि बामचा वास येत होता. त्यांना कशानेच फरक पडला नाही. घड्याळाकडे त्यांनी मान वर करून पाहिलेही नाही. मुलीने भिंतीवर टिचकी मारली आणि म्हणाली, "ही भिंत तर आपण पाडणारच आहोत, किचन ओपन करायला." आप्पांनी तासलेले लोखंडी कोन रंगाच्या इतक्या थरांत बसले होते की निघाले नाहीत. ते भिंतीबरोबरच गेले असणार.

मोशीच्या घरात लिफ्ट आहे. आप्पा आता रोज सकाळी एकटे खाली जातात. लिफ्टमध्ये उभ्या राहिलेल्या अनोळखी माणसांना ते पहिल्या आठवड्यापासून हाक मारून ओळख विचारू लागले. त्यांना हवे होते ते त्यांना मिळाले, असे मी स्वतःला सांगते, आणि ते खोटे नाही.

सामान लागल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी तसबीर साडीतून सोडवली आणि ओल्या फडक्याने काच पुसली. पाणसळ त्यांनी आधीच काढून ठेवली होती, तिच्या जुन्या कातडी पिशवीत. भिंत निवडली, खिशातली पेन्सिल काढली, खूण करायला हात उचलला. आणि हात तसाच धरून माझ्याकडे वळले.

"इथं खिळा मारला तर चालेल ना गं? पुढं तुला हे घर विकायचं झालं, तर भिंतीला चौकोन पडायचा."

मी त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. तिथे फक्त विचारणा होती. माझ्या वडिलांनी माझी परवानगी मागितली होती, या गोष्टीसाठी.

"चालेल," मी म्हणाले. शेजारी ठेवलेली हातोडी उचलली आणि खिळा मी ठोकला. मला ते काम येत नाही. खिळा वाकडा गेला, तसबीर डावीकडे झुकली. इतकी की माझ्याही डोळ्यांना दिसत होती. मी त्यांच्याकडे पाहिले. पाणसळ त्यांच्या हातात होती, पिशवीतच.

"असू दे," ते म्हणाले. "दिसतेय ना. झालं."

सकाळी ते खाली गेले की मी तसबिरीचा डावा कोपरा बोटाने वर सारते. संध्याकाळपर्यंत ती पुन्हा खाली येते. आप्पा समोर बसलेले असतात, त्यांना ते दिसते हे मला ठाऊक आहे. पाणसळ खाटेशेजारच्या खणात आहे. त्यांनी ती अजून काढलेली नाही.